"मयताशी नाते : काही नाही" या नोंदीची दुरुस्ती

प्रति,
मा. सचिव,
पात्रता फेऱ्या व शिस्त समिती,
आंतरराष्ट्रीय मोटरसायकल स्पीडवे महामंडळ,
मुख्य कार्यालय

अर्जदार : हिएरोनिम सोबकोव्याक, निवृत्त स्टेशनमास्तर, मु. लिपोवो, लेश्नोजवळ, पोलंड

विषय : जागतिक वैयक्तिक अजिंक्यपदाच्या उपान्त्य फेरीस गैरहजर राहिल्याबद्दल चेकोस्लोव्हाकियाचे खेळाडू रादिम कौत्नी यांच्यावर घातलेली दोन हंगामांची बंदी उठवणे, व त्यांच्या खुलाशातील "मयताशी नाते" या रकान्यात दुरुस्ती करणेबाबत.

संदर्भ : १) माझा याच विषयावरील सप्टेंबरमधील अर्ज.
२) आपले उत्तर : "अर्जदाराचा सदर खेळाडूशी संबंध स्पष्ट होत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

महोदय,

माझा पहिला अर्ज आपण एका ओळीत निकाली काढलात, याबद्दल माझी तक्रार नाही. मी उभे आयुष्य रेल्वेच्या नोकरीत काढले. एका ओळीत उत्तर देणाऱ्याच्या टेबलावर किती कागद पडलेले असतात, याची मला कल्पना आहे. आपण विचारले आहे की, या चेक मुलाशी तुमचा संबंध काय. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर एका ओळीत बसत नाही, म्हणून हा दुसरा अर्ज थोड्या विस्ताराने सादर करीत आहे. तो शेवटपर्यंत वाचला जावा, एवढी पहिली विनंती.

१. माझा एकुलता एक मुलगा झेनोन सोबकोव्याक हा आपल्या महामंडळाचा परवानाधारक खेळाडू होता. आमच्याकडे पोरे चालायला लागण्याआधी स्पीडवेच्या शर्यतींना जातात, बापाच्या खांद्यावर बसून. तोही तसाच गेला. धावपट्टीवरच्या राखेचा धुरळा डोळ्यांत गेला म्हणून रडेल, असे मला वाटले होते. तो रडला घरी परत नेताना. माझ्या पत्नीने, पेलागियाने, तेव्हाच मला सांगितले होते, "बघा हं, तुम्ही याला नेलंत. आता आणायची जबाबदारीही तुमची." पंधराव्या वर्षी तो क्लबात दाखल झाला. मी रेल्वेचा माणूस. माझ्या लेखी जी गाडी थांबवता येत नाही ती रुळावर आणूच नये. झेनोनच्या गाडीला ब्रेक नव्हता. अर्थात या खेळातील कोणत्याच गाडीला तो नसतो, हे आपणांस सांगणे नको. मी त्यावरून कुरकुर केली की तो म्हणे, "बाबा, ब्रेक असता तर सगळे लावत बसले असते. मग शर्यत कसली? मालगाडी!"

२. गेल्या जूनमध्ये हंगेरीतील किशहालोम येथे पात्रता फेरी होती. सोळा खेळाडू, त्यांतील पहिले आठ उपान्त्य फेरीत जाणार. झेनोन आतापर्यंत दोनदा याच पायरीवरून परतला होता. निवृत्त कर्मचाऱ्याचा मोफत पास माझ्याकडे असल्याने मीही गेलो. पेलागिया आली नाही. ती त्याची एकही शर्यत बघायला आली नाही. शर्यतीच्या दिवशी ती घरात रेडिओ मोठ्याने लावून खिडक्या धूत असे. मोसमात आमच्या खिडक्या गावात सर्वांत स्वच्छ असत.

त्या दिवशी सकाळी गाड्या तयार करतात त्या आवारात मी रादिम कौत्नीला प्रथम पाहिले. सडपातळ, कान पुढे आलेले, वय एकवीस. त्याच्या गॉगलचा पट्टा तुटला होता आणि तो प्रत्येकाकडे मागत फिरत होता. आमच्या कानाला चेक भाषा लहान मुलाच्या बोबड्या बोलण्यासारखी लागते. झेनोन मोठ्याने म्हणाला, "अरे बोबड्या, काय हवंय ते नीट पोलिशमध्ये माग!"

रादिम म्हणाला, "तुमची पोलिश म्हणजे शिंकत शिंकत बोललेली चेक. गॉगल दे रे म्हाताऱ्या."

झेनोन पंचवीस वर्षांचा होता. त्याने हसत आपला जादा गॉगल दिला आणि म्हणाला, "परत दे बरं. माझ्या पुढे गेलास तर काढून घेईन."

त्यांची ओळख एवढीच. यापूर्वी एक-दोन मैदानांवर पाहिले असेल तेवढेच. आपल्या समितीला जो संबंध हवा आहे तो या क्षणापर्यंत खरोखरच नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

३. मी नेहमी दुसऱ्या वळणाच्या कुंपणाशी उभा राहतो. किशहालोमलाही तेथेच उभा होतो. झेनोनची ती शेवटची शर्यत. एक गुण मिळाला की तो पुढे जाणार होता. तिसऱ्या चकरीत पहिला हंगेरियन होता, दुसरा रादिम, तिसरा झेनोन, आणि चौथा बराच मागे. म्हणजे तिसऱ्याला मिळणारा तो एक गुण झेनोनच्या खिशात होता. त्याला कोणाच्या पुढे जाण्याची गरज नव्हती.

वळणावर रादिमचे मागचे चाक निसटले आणि तो झेनोनच्या अगदी समोर पडला. गाडी एकीकडे, मुलगा एकीकडे. पडलेली गाडी आणि कुंपण यांच्यामधून जायला एकच वाट होती, पण तेथे रादिम पडला होता, पालथा, हात डोक्यावर घेऊन. झेनोनने गाडी आडवी टाकली. ब्रेक नसलेली गाडी थांबवण्याचा तो एकच उपाय आहे. तिच्यासकट तो रादिमच्या अंगाला घासून गेला आणि कुंपणाच्या फळ्यांखाली शिरला. मी उभा होतो तेथून थोड्याच अंतरावर. आवाज मोठा झाला नाही. फळी मोडल्यासारखा झाला.

सर्वांत आधी त्याच्यापर्यंत पोचला तो रादिम. त्याने धुराच्या तापलेल्या नळीला नुसत्या हाताने धरून गाडी उचलली. तो "ऊठ, ऊठ" असे काहीतरी म्हणत होता. ते मला कळले. तो शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे. स्वयंसेवकांनी त्याला ओढून बाजूला केले.

पंचांनी शर्यत थांबवावी लागल्याबद्दल रादिमला जबाबदार धरून त्याला त्या शर्यतीतून बाद केले. निर्णय बरोबर होता. त्याबाबत माझे कोणतेही म्हणणे नाही. आधीच्या चार शर्यतींतील गुणांवर रादिम उपान्त्य फेरीस पात्र ठरला, तेही नियमानुसारच झाले.

४. संध्याकाळी रुग्णालयात झेनोन काही वेळ शुद्धीवर होता. त्याने मला विचारले, "बाबा, तो बोबडा उठला का?"

मी म्हणालो, "उठला."

"पायावर?"

"पायावर. पळत होता."

"मग बरं," तो म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "गॉगल घेऊन या त्याच्याकडून. विसरेल तो." आणि मग, "आईला आत्ता नका सांगू. खिडक्या धुऊन होऊ देत."

तो आणखी एक दिवस राहिला. पेलागियाचा पासपोर्ट पोलीस कार्यालयातून मिळेपर्यंत तिला हंगेरीत येण्याचे कारण उरले नव्हते.

५. शव सीमेपार आणण्याच्या कागदपत्रांत बरेच दिवस गेले. अंत्यविधीचा जो शनिवार ठरला त्याच शनिवारी पश्चिम जर्मनीत आपली उपान्त्य फेरी होती. आमच्याकडच्या किंवा त्यांच्याकडच्या एकवीस वर्षांच्या मुलाला पश्चिम जर्मनीत जाण्याची परवानगी मिळणे म्हणजे काय, हे आपल्या कार्यालयातून कदाचित नीट दिसणार नाही. रादिमला ती मिळाली होती. गाडी आणि मेकॅनिक पुढे रवाना झाले होते.

दफनभूमीच्या फाटकाशी तो मला दिसला. अंगात कोणाचा तरी काळा कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. एका हाताला पट्टी. मी शवपेटीच्या मागून चालत होतो. रांग सोडून मी त्याच्यापाशी गेलो, हे शोभणारे नव्हते, पण गेलो. मी म्हणालो, "तू आज जर्मनीत असायला हवा होतास."

"हो."

"मग इथे काय करतोयस?"

"काका, मी जर्मनीलाच निघालो होतो. प्रागला स्टेशनात आलो आणि फलाट चुकलो."

मी त्याला सांगितले की, मी स्टेशनमास्तर होतो, आणि माणूस फलाट चुकून दुसऱ्या देशातल्या दफनभूमीत येत नसतो. मी म्हणालो, "जा." त्या वेळी मला तो डोळ्यांसमोर नको होता. तो पायावर उभा आहे, एवढाच त्याचा अपराध होता. पण त्या दिवशी माझ्या लेखी तो फार मोठा होता.

६. अंत्यविधीनंतर रिवाजाप्रमाणे घरी जेवण होते. कोंबडीचे सूप आणि शेवया. पेलागिया वाढत होती. मध्येच तिने खिडकीतून बाहेर पाहिले आणि मला विचारले, "अहो, त्या समोरच्या थांब्यावर तो मुलगा कोण उभा आहे? बस येऊन गेली, तो चढला नाही."

मी म्हणालो, "तोच."

तिने एप्रन सोडला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ती रस्ता ओलांडून गेली. आम्ही सगळे खिडकीशी जमलो. क्लबातला मेकॅनिक फ्लोरियान, ज्याने झेनोनची गाडी वर्षानुवर्षे जुळवली, तो माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, आवरा त्यांना. मारतील त्या त्याला." मी आवरायला निघालो. ती मारील अशी माझीही खात्री होती आणि मला घाई नव्हती, हेही खरे. मी थांब्याशी पोचलो तेव्हा ती विचारत होती, "त्या दिवशी सकाळी त्यानं काही खाल्लं होतं का?"

रादिम म्हणाला, "हो, काकू. पाव खाल्ला. चरबी लावलेला."

"सगळा?"

"नाही. अर्धा मला दिला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तर म्हणाला, रिकाम्या पोटी पडलास तर ठण् असा आवाज येईल."

"कुठला अर्धा दिला? काकडीचा की बिनकाकडीचा?"

"काकडीचा."

पेलागिया म्हणाली, "म्हणजे त्यानं स्वतः काकडी खाल्लीच नाही. लहानपणापासून तसाच. मी घालायची आणि हा लोकांना वाटायचा." आणि ती हसली. महोदय, त्या आठवड्यांत आमच्या घरात तो पहिला हसण्याचा आवाज, आणि तो घरात नाही, बसथांब्यावर झाला. हसता हसता तिला उभे राहवेना. तेव्हा त्या मुलाने तिला धरले. मी बाजूलाच उभा होतो. पण धरले त्याने.

तिने त्याला त्या लांब बाहीला धरून घरात आणले, पाहुण्यांमध्ये बसवले आणि त्याच्यापुढे ताट ठेवले. तो जेवेपर्यंत ती स्वतः बसली नाही. त्याने निघताना खिशातून गॉगल काढून टेबलावर ठेवला. मी तो उचलला नाही. पेलागियाने तो त्याच्या खिशात परत घातला.

७. आता आपल्या नियमावलीकडे वळतो. पात्र ठरलेला खेळाडू उपान्त्य फेरीस न आल्यास दोनच कारणे ग्राह्य आहेत : स्वतःचे आजारपण, वैद्यकीय दाखल्यासह, अथवा निकटच्या नातेवाइकाचा अंत्यविधी. आपल्या कार्यालयाने रादिमला खुलाशाचा नमुना पाठवला. त्यात त्याने कारण लिहिले, "अंत्यविधी." पुढचा रकाना होता, "मयताशी नाते." त्यात त्याने लिहिले, "काही नाही." यावरून दोन हंगामांची बंदी.

यातले एक अक्षरही त्याने आम्हांला सांगितले नाही. उन्हाळ्यात तो आला, तेव्हा मी सहज विचारले की, पुढची शर्यत कधी. तो म्हणाला, "सध्या सुट्टी आहे." ती सुट्टी काय प्रकारची आहे हे मला फ्लोरियानने सांगितले. मी रादिमला जाब विचारला, "रकान्यात काहीतरी लिहायचं नाही का? चुलतभाऊ लिहायचं. मेहुणा लिहायचं. कोण बघायला येणार होतं?"

तो म्हणाला, "काका, त्याच्या नावापुढे खोटं कसं लिहू?"

माझे निवेदन असे की, सदर नोंद चुकीची आहे. जूनमध्ये ती खरी असेल. परंतु नाते असे असते की ते काही वेळा आधी नसते आणि मग असते. लग्नाचे तसेच आहे, त्यावर कोणती समिती हरकत घेत नाही. जुलैपासून रादिम महिन्यातून एकदा-दोनदा, रात्रभर गाडीत बसून, आमच्याकडे येतो. सप्टेंबरमध्ये त्याने आमच्या जमिनीच्या तुकड्यातले सगळे बटाटे काढले, कारण माझी कंबर चालत नाही आणि ते काम झेनोनचे होते. सर्व संतांच्या दिवशी थडग्यावर दिवे लावताना तो पेलागियाच्या डाव्या बाजूला उभा होता. आमच्या शेजारच्या बाई फाटकातून म्हणाल्या, "पोराला मारलं त्यालाच जेवू घालता, सोबकोव्याकबाई? धन्य तुमची!" पेलागियाने त्यांना उत्तर दिले, "त्यानं मारलं नाही. त्याच्यासाठी मेला. फरक कळत नसेल तर फाटक लावून घ्या, थंडी येते."

८. मी स्वतः इतक्या लवकर वळलो नाही, हे समितीने लक्षात घ्यावे. म्हणजे माझे म्हणणे आंधळ्या मायेचे आहे असे वाटणार नाही. ऑगस्टात एका दुपारी तो मला मागच्या शेडमध्ये सापडला. झेनोनची गाडी क्लबाने आम्हांला परत आणून दिली आहे, ती तेथेच आहे. तो तिच्यासमोर पालथ्या बादलीवर बसला होता. मी त्याला जो प्रश्न इतके दिवस विचारला नव्हता तो विचारला, "तू पडलास कसा?"

तो म्हणाला, "हाव सुटली, काका. पुढचा अगदी जवळ दिसत होता. वळणात अॅक्सिलरेटर थोडा जास्त उघडला."

"कोणी धक्का दिला? खड्डा होता? गाडीत बिघाड?"

"नाही. मीच."

तो काहीतरी सबब सांगेल म्हणून मी वाट पाहत होतो. एक सबब त्याने दिली असती, तर मला त्याचा राग धरून ठेवता आला असता. त्याने ती दिली नाही. वळणात जास्त उघडणे ही चूक माझ्या मुलानेही कितीदा केली. तो पडला त्या प्रत्येक वेळी मागून येणाऱ्याला जागा होती, एवढाच फरक. मी दुसरी बादली उपडी केली आणि त्याच्या शेजारी बसलो. जरा वेळाने त्याने विचारले, "इंजिन चालू करू का? नुसतं. बसून राहिलं की गंजतं." मी हो म्हणालो. त्याने ते चालू केले आणि डोळे मिटून ऐकत राहिला. कोणी आपल्या घरची भाषा बऱ्याच दिवसांनी ऐकावी तसा.

तेव्हापासून तो आला की इंजिन चालू करतो. विचारले की म्हणतो, "आता मला गाडीवर बसायचं नाही." इंजिन ऐकतानाचा त्याचा चेहरा मी पाहिला आहे. माझा त्याच्या म्हणण्यावर विश्वास नाही. हा अर्ज त्याने करावयास सांगितलेला नाही. त्याला तो माहीतही नाही.

९. वरील वस्तुस्थिती पाहता पुढीलपैकी कोणताही एक मार्ग समितीने स्वीकारावा :

(अ) "काही नाही" ही नोंद काढून तेथे "घरचा" अशी नोंद करावी. आपल्या नमुन्यात हा शब्द बसत नसल्यास आपल्याला बसेल तो शब्द लिहावा. माझी संमती या अर्जानेच दिली आहे असे समजावे. मयताचा पिता या नात्याने मयताचे नातेवाईक कोण हे सांगण्याचा अधिकार समितीपेक्षा मला अधिक आहे, असे नम्रपणे सुचवतो.

(आ) ते शक्य नसल्यास त्याची गैरहजेरी आजारपणात धरावी. यासाठी मी आमच्या जिल्हा दवाखान्यात दाखला मागण्यास गेलो होतो. डॉक्टरांनी सांगितले, "मास्तर, दुःख हा आजार नाही. आणि असला तरी मागच्या तारखेचा दाखला देता येत नाही." तशी त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. चिठ्ठी नकाराची असली तरी मी विचारणा केल्याचा पुरावा म्हणून ती ग्राह्य धरावी.

(इ) दोन्ही शक्य नसल्यास, आणि बंदी कोणीतरी भोगलीच पाहिजे असा नियमच असल्यास, ती माझ्या मुलाच्या नावावर वळती करावी. झेनोनचा परवाना या वर्षअखेरपर्यंत वैध आहे. त्याचे पुढील नूतनीकरण मी करीन. दोन हंगाम तो कोणत्याही मैदानावर, कोणत्याही शर्यतीत उतरणार नाही, याची मी लेखी हमी देतो. समितीने दोनाची चार केली तरी तो पाळील. आपल्या महामंडळाच्या सर्व बंद्यांमध्ये ही एक तरी पूर्णपणे पाळली गेली, अशी आपल्याकडे नोंद होईल.

तिसरा मार्ग मी थट्टेने सुचवत नाही. मी त्याचा बराच विचार केला आहे. रेल्वेत एका गाडीला मार्ग द्यायचा तर दुसरी सिग्नलला उभी करावी लागते. माझ्या मुलाने त्या वळणावर तेच केले. तो उभा राहिला आणि त्याने याला मार्ग दिला. ज्याला मार्ग दिला ती गाडी आता आपण पुढच्याच स्टेशनात रोखून ठेवली आहे. मग माझा मुलगा थांबला कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर मला रोज सकाळी दाढी करताना द्यावे लागते, आणि माझ्याकडे ते नसते. रादिम पुन्हा धावला, हरला तरी, शेवटचा आला तरी, ते माझ्याकडे येईल.

हा अर्ज मी माझ्या पत्नीस वाचून दाखवला आहे. ती उद्या पोस्टात टाकील. तिने त्यात कोणताही बदल सुचवलेला नाही.

निर्णय काय होईल तो होवो. उत्तर मात्र एका ओळीपेक्षा थोडे लांब यावे.

आपला, मार्गाची वाट पाहणारा,
(सही)
हिएरोनिम सोबकोव्याक
लिपोवो, २३ नोव्हेंबर १९८७

सोबत :
मृत्यूचा दाखला, हंगेरियन व पोलिश भाषांतर.
झेनोन सोबकोव्याक याचा परवाना, मूळ प्रत. (काम झाल्यावर परत मिळावा.)
जिल्हा दवाखान्याची चिठ्ठी.
आमच्या धर्मगुरूंचे पत्र, की सदर मुलगा सर्व संतांच्या दिवशी कुटुंबासोबत उभा होता.
छायाचित्र एक. बटाट्याच्या पोत्यांजवळ रादिम कौत्नी. मागे माझी पत्नी. तिचा चेहरा हलला आहे.


साहेब,

मी पेलागिया सोबकोव्याक. पाकीट अजून चिकटवलेलं नाही, पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

आमच्या ह्यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे. नातं लिहून घ्या. ह्यांचा शब्द ठेवा, नाहीतर दुसरा ठेवा, पण "काही नाही" तेवढं खोडा. ते मला बघवत नाही.

बंदी मात्र उठवू नका.

तो शेडमध्ये इंजिन लावतो ते मीही ऐकते. मला सगळं कळतं. तुम्ही होय म्हणालात की तो जाईल. तोंडानं नको म्हणेल, आणि मे महिन्यात कुठल्या तरी वळणावर असेल, आणि त्याच्या मागून येणारा माझा झेनोन नसेल. ह्यांना वाटतं, तो धावला म्हणजे आमच्या पोराच्या मरणाचं चीज होईल. माझं तेवढं मोठं काही नाही. तो येतो, हात धुतो, जेवायला बसतो, दुसऱ्यांदा वाढून घेतो. माझं तिथंच चीज होतं.

दोन वर्षं संपली की आणखी घाला. काय कारण काढायचं ते तुम्हांला ठाऊक असेल, तुमच्याकडे नियम पुष्कळ आहेत.

पण ह्यांना नाही म्हणूनही कळवू नका. मागच्या तुमच्या एका ओळीनंतर हे आठवडाभर अंथरुणातून उठले नाहीत. मग हा अर्ज लिहायला बसले, तेव्हा दाढी केली, चष्मा पुसला, मला शब्द विचारले. माणूस घरात हिंडायला लागला. म्हणून सांगते, अर्ज मिळाला, विचार चालू आहे, एवढंच लिहीत जा. दर दोन-तीन महिन्यांनी एखादा कागद मागवा. हे आणून देतील. सगळे कागद झाले की पहिला पुन्हा मागवा.

खिडकीतली बाई पाकीट मागते आहे.

पेलागिया सोबकोव्याक